बंदुकीचा वाटा

माझी थोरली लेक नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, त्या वर्षीची ही गोष्ट. शहाऐंशी साल. शिमगा तोंडावर आला होता, नलूचे दिवस भरत आले होते, आणि नेमकं तेव्हाच तालुक्याच्या फौजदारांनी गावाला शाळेत बोलावलं.

अशा सभेला बायका जात नसत. मला जावं लागलं, कारण बंदूक माझ्या नावावर होती.

शेताच्या राखणीसाठी सरकारनं दिलेली ती एकनळी बंदूक आधी माझ्या नवऱ्याच्या नावावर होती. तो वारला तेव्हा मुलगा रमाकांत परवान्याच्या वयाचा नव्हता, आणि धाकटे दीर तातू भावजी यांच्यावर बांधाच्या मारामारीची जुनी केस होती. म्हणून भावजींनीच खेपा घालून परवाना माझ्या नावावर करून आणला. मी अंगठा उठवला. बंदूक कधी खांद्याला लावली नाही. ती माजघरात खुंटीला असायची. कुणाच्या शेतात डुकरं पडली की तो येऊन न्यायचा, काम झालं की आणून टांगायचा.

फौजदार तरुण होते. टेबलापुढे उभे राहून म्हणाले, "आता नियम कडक होणार आहेत. परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच हातात राहील. दुसऱ्याच्या हातात दिसली तर परवाना रद्द. आणि ज्यांना स्वतःला बंदूक चालवता येत नाही, त्यांनी ती ठाण्यात जमा करायची."

"मगे डुकरांकय नोटीस लावा सायबानू," मागून कुणीतरी म्हणालं. "जेच्या नावार शेत, तेनाच खावचा."

सगळी शाळा हसली. फौजदारही हसले. मग म्हणाले, "या तालुक्यात बंदुकीनं माणसं मेली आहेत. चोरून आणलेल्या बंदुकीनं नाही, परवान्याच्या बंदुकीनं. आणि दर वेळी ती दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती."

तातू भावजी उठले. त्यांना बोलता छान यायचं. "सायबानू, तुमी पगारार जगतास, आमी भातार. डुकोर भात खाता. आमी मचाणार बसान डबे बडयतो तर डुकर नाचतत. वानरांक दगड मारलो तर तीच उलटो मारतत. बंदुकीचो आवाज झालो तरच रान ऐकता. ती ठाण्यात ठेवन आमी काय करूचा? तुमच्या ठाण्यात खंय डुकर येतत?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फौजदार माझ्याकडे वळले.

"बाई, तुमच्या नावावर बंदूक आहे. तुम्ही चालवता?"

"नाही."

"मग कोण चालवतं?"

मी भावजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "गाव चालयता सायबानू. नावान ती वयनीची, कामान गावाची."

पुन्हा टाळ्या. फौजदार गेल्यावर नियमाविरुद्ध एक निवेदन झालं. त्यात काय लिहिलं होतं ते मला वाचून दाखवलं तेवढंच ठाऊक; अक्षरं मी पुढे म्हातारपणी शिकले. पण अंगठा मी मनापासून उठवला. आदल्या साली डुकरांनी माझ्या नदीकाठच्या शेतात नांगर घातल्यासारखी माती उलथली होती. नियम करणाऱ्यांना ते दिसलं नव्हतं.

एक चाल इथे सांगायला हवी. आमच्याकडे शिकारीचे वाटे पडतात तेव्हा हाकाऱ्यांना, म्हणजे रान उठवणाऱ्या माणसांना, वाटा असतो. कुत्र्याला असतो. आणि बंदुकीलाही एक वाटा असतो. कुणीही झाडली तरी बंदुकीचा वाटा बंदुकीच्या घरी जातो. नवरा असताना तो आमच्या घरी यायचा आणि नंतरही येत राहिला. केळीच्या पानात बांधलेलं मटण दारात ठेवून माणूस म्हणायचा, "बंदुकीचो वाटो गे काकी." मी ते शिजवायची. पोरं खायची. घरात कमावता पुरुष नसलेल्या बाईला त्यात आपली पत राहिली आहे असं वाटायचं.

सभेनंतर थोड्याच दिवसांत नलूला मुलगा झाला. घरात सुवेर लागलं. सुवेरात देवाला हात लावायचा नाही, देवकार्यात मिसळायचं नाही. आणि शिमग्याची शिकार ही आमच्याकडे देवाचीच. कायद्यानं ती बंद होती. गावात चालू होती.

शिकारीच्या सकाळी तातू भावजी दारात आले. मागे रमाकांत.

"वयनी, बंदूक काढ."

"घरात सुवेर आसा, भावजी. आणि फौजदारान काय सांगल्यान ता ऐकलास मां?"

"फौजदाराचो नियम अजून कागदार आसा. आणि सुवेर माणसांक. बंदूक लोखंडाची, तिका कसला सुवेर?"

"आणि रमो? तो या घरचोच मां?"

"तो मामा. तेका पेढे वाटूचे, सुवेर धरूचा नाय." भावजी हसले. रमाकांतही हसला. मामा झाल्याचा त्याला फार आनंद झाला होता. त्यानं स्वतःच खुंटीवरून बंदूक काढली, नळी पुसली आणि मला म्हणाला, "आये, आज मसालो वाटून ठेव."

मी वाटून ठेवला.

ऊन कलायच्या आधीच तातू भावजी परत आले. एकटेच. खांद्याला बंदूक, हातात केळीच्या पानाच्या पुड्या. नेहमी एक असायची. त्या दिवशी दोन होत्या.

"बंदुकीचो वाटो," ते म्हणाले आणि पुड्या ओट्यावर ठेवल्या.

"दुसरो कोणाचो?"

"भागोजीचो. ऱ्हवांदे तुझ्याकडे."

भागोजी वरक वरच्या धनगरवाड्यावरचा. रान उठवावं तर त्यानंच. तो ओरडायला लागला की डुकरं काय, झाडंही पळतील असं वाटायचं. आणि आपला वाटा तो दुसऱ्याच्या हाती कधीच देत नसे. जागेवरच मागून घ्यायचा, मुंडाशात बांधायचा आणि डोंगर चढायला लागायचा. कुणी म्हटलं, "भागोजी, बस जरा," तर म्हणायचा, "वाटो आणि वाट जेची तेना धरूची."

"भागोजी आपलो वाटो टाकून गेलो?" मी विचारलं.

भावजींनी बंदूक खुंटीला टांगली, माठातून पाणी घेतलं, प्यायले.

"भावजी, भागोजी खंय?"

"काजीच्या बागेत. लागला तेका थोडा."

"काय लागला?"

"मांडयेक लागला."

"कोणी मारल्यान?"

"कोणी नाय. बंदुकीन."

"बंदूक आपसूक चलान गेली?"

"गे वयनी, झाडीत काळा काय तरी हलला. डुकोर पलीकडे पडलेलो, तरी कोणाक दिसाक नाय. बंदूक सुटली. आता बंदुकीचो दोष तो बंदुकीचो."

"रमो खंय?"

"थयच आसा. भागोजीकडे."

मग मला काही विचारावं लागलं नाही.

भावजी ओट्यावर माझ्यासमोर बसले. आवाज मऊ झाला. "ऐक. बंदूक तुझ्या नावार आसा. तू सांगूचा, डुकोर शेतात इलो, मी झाडलंय, भागोजी बांधार होतो तो माका दिसाक नाय. तू बायल माणूस, इधवा. तुका कोण आत घालूचो नाय. रम्याक घालतले. तेच्याकडे परवानो नाय, वर शिकार चोरयेची. पोराचा आयुष्य जाताला."

"आणि भागोजीक इस्पितळात न्हेलास?"

"न्हेतलो. आधी तेना हो म्हणूक व्हया मां. पुनाजी घाडी देवाक गाऱ्हाणा घालता, भागोजी नारळार हात ठेवन आण घेतलो की लगेच न्हेतो. तसोच न्हेलो तर डॉक्टर पयलो पोलिसांक बोलयतलो."

"म्हणजे तो अजून थयच पडलो हा?"

"बांधला हा गे फडक्यान."

आतून, बाळंतिणीच्या खोलीतून, नलूचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. "आये, हो म्हण गो. तुका काय करूचे नाय ते. रमो गेलो तर तुका कोण आसा?"

खोटं नव्हतं ते. मला दुसरं कोण होतं? मी पदर खोचला, खुंटीवरची बंदूक काढली आणि पायरी उतरले.

"खंय चललंस?" भावजी ओरडले. "बंदूक ठेव ती!"

"माझ्या नावार आसा," मी म्हटलं.

काजूची बाग आमच्या घरापासून लांब नाही, ओढा ओलांडला की चढण. भावजी मागून बोलत येत होते, मी चालत होते. बागेच्या उघड्या जागेत गाव जमलेलं होतं. एका बाजूला केळीची पानं ओळीनं मांडून डुकराचे वाटे घातले होते. त्यावर माशा बसत होत्या आणि एक जण फांदीनं त्या हाकत होता. दुसऱ्या बाजूला काजूच्या खोडाला टेकवून भागोजीला बसवलं होतं. त्याचं धोतर मांडीपासून खाली काळं झालं होतं. रमाकांत त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी फडकं दाबून धरत होता. त्याचे हात कोपरापर्यंत भरले होते. त्यानं मला पाहिलं आणि मान खाली घातली. भागोजीनंही पाहिलं. तो पुटपुटला, "पाणी दी गे." कुणी दिलं नव्हतं, कारण आण घेण्याआधी तोंड उष्टं करायचं नसतं.

पुनाजी घाडी नारळ घेऊन उभा होता. देवापुढे गावाच्या वतीनं बोलायचा मान त्याच्या घराण्याचा. वाईट माणूस नव्हता.

भावजींनी मला अडवलं. "लांब ऱ्हव वयनी, तुझ्या घरात सुवेर आसा. देवाचा काम चलला हा."

"सकाळी बंदुकीक सुवेर नव्हता, कारण ती लोखंड. आता तिका दोष लागता, म्हणजे ती माणूस. सकाळपासून दुपारपर्यंत लोखंडाचा माणूस झाला?"

दोघेतिघे खाली पाहू लागले. पुनाजीनं घाईनं डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज तुझ्या शिकारेक तुझी लेकरां रानात जमली म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"थय जा काय वायट घडला, ता कोणाच्या मनातला न्हय म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" भागोजीचेही ओठ हलले.

"बंदुकीक डोळे नाय, बंदुकीक कान नाय. जो काय दोष आसात तो बंदुकीच्या माथ्यार घाल, आणि सगळ्यांक सांभाळून घे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा," मी म्हणाले.

गाऱ्हाण्यात 'नाय' कुणी म्हणत नाही. ते म्हणायची रीतच नाही. 'होय' म्हणायला शंभर माणसं असतात, 'नाय' म्हणायला जागाच ठेवलेली नसते. पुनाजीनं डोळे उघडले. नारळ त्याच्या हातात तसाच राहिला. म्हाताऱ्या माणसांनी कानांना हात लावले.

"काय बोललंस तू?" भावजी म्हणाले.

"नाय म्हटलंय." मी बंदूक वाट्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवली. "हिचो वाटो माझ्या घराक येता. इतकी वर्सां मी तो शिजवन खाल्लंय. मगे हिचो दोष पण माझ्याच घराक येतलो, दुसरीकडे खंय जातलो? माझ्या घरात त्या दोषाचे जे काय वाटे करूचे ते मी करीन. तुमी ह्या माणसाक उचला."

"आणि तुझो झील? रमो?"

"माझो झील थय बसलो हा. तेका कान आसत."

कुणी हललं नाही. गाऱ्हाणं अर्धं राहिलेलं, नारळ न फुटलेला. अशात जागेवरून उठायचं कसं, हेच त्यांना समजेना. मी पुढे होऊन पाण्याची कळशी घेतली आणि भागोजीच्या तोंडाला लावली. तो प्यायला. झालं, तोंड उष्टं झालं. आता आण घेता येणार नव्हती.

"बाटवलंस सगळा!" भावजी ओरडले.

रमाकांतनं कमरेचा टॉवेल सोडला, भागोजीच्या मांडीला वरून आवळून बांधला, आणि पाठ वळवून खाली बसला. "भागोजी, मानेक धर," तो म्हणाला. भागोजीनं धरलं. दोघांचा तोल गेला. तेव्हा पुनाजी घाडीनं नारळ खाली ठेवला आणि मागून हात लावला.

खाली सडकेवर दुपारची एसटी येण्याच्या बेतात होती. आम्ही चढण उतरत होतो तेव्हा तिचा आवाज वळणावर ऐकू आला. मी धावत जाऊन सडकेच्या मधोमध उभी राहिले. ड्रायव्हरनं गाडी थांबवून आधी शिवी दिली, मग रमाकांतच्या पाठीवर काय आहे ते पाहिलं. कंडक्टर म्हणाला, "पोलीस केस आहे, गाडीत घेता येणार नाही." ड्रायव्हर त्याला म्हणाला, "तू उतर मग." नंतर गाडीतल्या लोकांकडे वळून त्यानं सांगितलं, "ज्यांना मधे उतरायचंय त्यांनी आत्ता उतरा. गाडी आता थेट तालुक्याला." तीन बायका टोपल्या घेऊन उतरल्या. बाकीच्यांनी मागची लांब सीट मोकळी केली.

तातू भावजीही चढले होते. माझ्या शेजारी बसले. बंदूक मी उभी धरली होती, गोळी नसलेली. ते हळू आवाजात सांगत राहिले. "अजून येळ गेलो नाय. तू फक्त 'मी' म्हण. एक अक्षर वयनी. तुझ्या घोवाचा नाव, आमच्या घराचा नाव. पोराचा लगीन होवचा हा. कोण दितलो तेका चेडू?"

मी मागे वळून रमाकांतला हाक मारली. तो भागोजीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"रमो, थय विचारतले. तू सांगशीत. तू सांगलस नाय तर मी सांगीन. पण तू सांगलेला बरा."

तो म्हणाला, "आये, माका डुकोरच वाटलो."

"ता पण सांग."

"ते इश्वास ठेवचे नाय."

"नाय ठेवले तरी सांग."

इस्पितळात भागोजीला आत नेलं. दारातल्या हवालदारानं माझ्या हातातली बंदूक पाहिली आणि त्याच्या तोंडातला पानाचा तोबरा तसाच राहिला. मी ती त्याच्या टेबलावर आडवी ठेवली.

"ही कुणाची?"

"माझी. परवाना माझ्या नावावर आहे."

"तुम्ही झाडलीत?"

भावजी माझ्या मागे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाही," मी म्हणाले. "मी कधीच झाडली नाही. पण ती ज्याला हवी त्याला माझ्या घरातून मिळायची. ते माझं. लिहून घ्या."

"मग झाडली कुणी?"

मी रमाकांतकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझं तोंड आपोआप उघडलं असतं आणि 'मी' म्हणून गेलं असतं. मी भिंतीकडे पाहिलं. तिथे लहान बाळाला डोस पाजायचं चित्र होतं. ते मी पाहत राहिले.

"मीया," रमाकांत म्हणाला. मग नीट बोलला, शाळेत बोलायचा तसा. "मी झाडली. मला डुक्कर वाटलं."

तातू भावजी पायरीवर जाऊन बसले आणि त्यांनी डोकं धरलं.

रमाकांतला त्या दिवसापासून ठेवून घेतलं. भागोजीची बायको ठकू डोंगर उतरून आली ती सरळ माझ्या अंगावर धावली. दोन थपडा मारल्या तिनं. तिसऱ्या वेळी हात उचलला आणि माझ्याच खांद्यावर ठेवून रडायला लागली. आम्ही दोघी इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून राहिलो. भागोजीचा पाय राहिला, पण गुडघ्यात वाकेनासा झाला. रान उठवायचं काम त्याला पुन्हा करता आलं नाही.

बारशाला गावातलं कुणी आलं नाही. फक्त पुनाजी घाडीची म्हातारी आली. पाळण्याची दोरी तिनं आणि मी ओढली. नलू माझ्याशी बोलत नव्हती. नाव ठेवताना कानात 'कुर्र' करायलासुद्धा ती रडतच वाकली.

पावसाआधी फौजदारांनी पुन्हा सभा घेतली. तीच शाळा, तीच माणसं. मी आत गेले तेव्हा बाकावर सरकून कुणी जागा दिली नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले. निवेदन वर गेलं होतं आणि फौजदारांना त्यावर गावाचं म्हणणं पुन्हा ऐकायचं होतं. बोलणारे तेच बोलले. डुकरं, वानरं, भात. त्यातलं काही खोटं नव्हतं. मग फौजदार म्हणाले, "आणि शिमग्याला जे झालं ते?"

"भागोजी जगलो मां सायबानू," एक जण म्हणाला. "मगे?"

मला बोलायचं नव्हतं. पण ते 'मगे' ऐकलं आणि मी भिंत सोडली.

"तो जगलो म्हणून तुमका 'मगे' म्हणूक सुचता," मी म्हणाले. "सायबानू, त्या कागदावर माझा अंगठा आहे. तो काढा."

"अंगठो काढूक येना नाय गे काकी," मागून आवाज आला. "तो काय जळू आसा?"

लोक हसले. फौजदार म्हणाले, "बाई, आता तो काढता येत नाही."

"मग दुसरा कागद करा. त्यावर लिहा की मला हा नियम हवा. त्यावर अंगठा घ्या."

"झील आत घातल्यान, आता गावाची बंदूक पण घालता," तातू भावजी म्हणाले. ते माझ्याकडे न बघता फौजदारांशी बोलत होते. "आणि औंदा डुकर इले की? तेंका वयनीचो अंगठो दाखवचो?"

"येतील," मी म्हणाले. "माझ्याच शेतात आधी येतील. नदीकाठी माझंच शेत आहे. मी मचाणावर बसेन, डबे बडवेन, उरेल तेवढं कापेन. बंदूक वाईट असं मी म्हणत नाही. पण जी बंदूक सगळ्यांची असते, तिचा वाटा खायला सगळे असतात, आणि माणूस पडला की ती कुणाचीच नसते. काजूच्या बागेत तुम्ही सगळे होतात. मला एक सांगा, त्या दिवशी बंदूक कुणाची होती?"

फौजदारांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. पुनाजी घाडी उठला, काही न बोलता बाहेर गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या भावाची बंदूक ठाण्यात जमा झाल्याचं कानावर आलं. बाकीच्यांनी आपापल्या ठेवल्या. नियम कडक झाला, सैल झाला, पुन्हा कडक झाला. ते मी ऐकत आले.

माझी बंदूक सरकारनं घेतली ती परत आली नाही, मी मागितलीही नाही. माझ्यावर खटला झाला, न्यायाधीशांनी समज देऊन सोडलं. रमाकांतला शिक्षा झाली. भोगून आला तेव्हा दाढी वाढलेली होती. तो ओट्यावर बसला, मी भाकरी वाढली, त्यानं खाल्ली. बोलायला लागायला त्याला पुष्कळ दिवस लागले. आणि त्या पावसाळ्यानंतर डुकरांनी माझ्या शेताचा नदीकाठचा अर्धा तुकडा खाल्ला, हेही सांगायला हवं. त्याच्या पुढच्या साली अर्ध्याहून जास्त खाल्ला. मग मी तिथे भात लावणं सोडलं आणि बांबू लावला. डुकरं बांबूचे कोंब खातात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तेही खाल्ले. मी पुन्हा लावले, आणि भोवती दगडाचा गडगा घातला. तो गडगा घालायला रमाकांत आला, आणि दगड निवडून द्यायला, एक पाय ताठ पसरून बसलेला, भागोजी.

तातू भावजी दोन हजार तीन साली आषाढात गेले. भागोजी वरक दोन हजार चौदा सालच्या मार्गशीर्षात, सकाळच्या वेळी, धनगरवाड्यावर आपल्या घरात वारला. म्हातारा होऊन वारला.